देव 'ऐकतो' की देव 'पावतो'?

घरात आजारपण चालू आहे. आई रोज संध्याकाळी दिवा लावते आणि देवाशी दोन शब्द बोलते. स्तोत्र नाही, मंत्र नाही. 'बाबा रे, आज तिला दोन घास जाऊ देत', एवढंच. आपलं बोलणं त्याच्यापर्यंत जातं याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. याविषयी लिहायला बसलो आणि 'देव प्रार्थना ऐकतो' असं वाक्य लिहिलं, पण ते आईचं वाटेना. ती म्हणते, 'पावेल तो.' हे पावणं म्हणजे नेमकं काय? त्याच्या आसपासचे आणखी शब्द कोणते?

प्रतिसाद

'पावणे' संस्कृत 'प्राप्'पासून प्राकृतातून आलं. मूळ अर्थ पोचणे, मिळणे. रक्कम पावली की 'पावती' देतात, ती याच क्रियापदाची. जुन्या पत्रव्यवहारात 'पत्र पावले' हे नित्याचं. 'मृत्यू पावणे', 'संतोष पावणे' यांतही तेच. 'पतितपावन'मधला 'पावन' मात्र वेगळा, तो शुद्ध करणे या अर्थाच्या 'पू' धातूचा. 'पावणेदोन'चाही इथे संबंध नाही, ते 'पादोन', म्हणजे पाव कमी.

आता वाक्यरचना बघा. 'पत्र पावले' म्हणजे पाठवलेली वस्तू तिकडे पोचली. त्या न्यायाने 'माझी प्रार्थना देवाला पावली' असं म्हणायला हवं होतं. तसं कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो 'मला देव पावला'. कर्ता देव, आणि ज्याला पोचायचं ते ठिकाण 'मी'. आपले शब्द वर गेले की नाही याचा हिशेबच या वाक्यात नाही, तो इथवर आला एवढंच आहे. तुमच्या आईंच्या श्रद्धेचा गाभा मला इथे दिसतो. 'सुखकर्ता दुःखहर्ता'चं शेवटचं कडवं आठवा. 'दास रामाचा वाट पाहे सदना' आणि लगेच 'संकटी पावावे'. भक्त घरी थांबलाय, यायचं आहे ते देवाने. भाद्रपदात घरोघरी टाळ्यांच्या नादात आपण हे म्हणतो, पण ओळ सावकाश वाचली तर ती एका वाट पाहणाऱ्या माणसाची आहे.

'ऐकणे' परकं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. 'पोरगं ऐकत नाही' म्हणजे ते बहिरं आहे असा अर्थ होत नाही. मराठी 'ऐकणे'त मान देणं आलं, कबूल करणं आलं. 'देवा, एवढं ऐक माझं' यातला 'ऐक' त्या वजनाचा आहे. तुमचं वाक्य अडतं ते 'प्रार्थना' या शब्दापाशी. घरात आपण 'मागणं' म्हणतो, 'देवाला सांगितलंय' म्हणतो.

प्रतिसाद

'धावा' राहिला. धावा करणे म्हणजे देवाला धावत यायला लावणारी हाक. चोखोबांचा अभंग आहे, 'धाव घाली विठू आता, चालू नको मंद'. चालू नको मंद! देवाच्या चालीबद्दल इतक्या हक्काने बोलायला ऐकणारा जवळचा वाटावा लागतो. आणि हे म्हणणाऱ्या माणसाला जातीमुळे त्याच देवळात पाऊल ठेवता येत नव्हतं. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, म्हणजे चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी. दार बंद असूनही आपली हाक आत जाते, हा चोखोबांचा भरवसा मला फार मोठा वाटतो. 'धावा' या शब्दाचं उदाहरण द्यायचं तर मी आधी हेच देईन.

प्रतिसाद

आमच्याकडे तळकोकणात 'गाऱ्हाणं'. इतरत्र गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, इथे ते देवापुढे उभं राहून मोठ्याने घालायचं असतं. नारळ ठेवतात, जाणता माणूस 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो, घरातल्या माणसाचं नाव घेऊन अडचण सांगतो आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मागणं एकाचं असलं तरी होकार सगळ्यांचा. लहानपणी माझ्या नावाचं गाऱ्हाणं घातलं होतं. बाकी सगळं विसरलो, पण देवाला माझं नाव कळलं ही खात्री तेव्हा पोटात बसली ती आजतागायत आहे. उत्तर हवं असेल तर कौल लावतात. तो 'कौल' मूळचा अरबी, अर्थ वचन, शब्द.

प्रतिसाद

यात 'नवस' घालू नये असं माझं मत. 'नवसाला पावणारा' हा शब्दप्रयोग रूढ आहे, मान्य. पण नवसात देण्याघेण्याची अट असते. तुकोबांनी 'नवसे कन्यापुत्र होती, तरी का करणे लागे पती' असं रोखठोक विचारलं ते त्या अटीला. त्याच तुकोबांचे करुणा भाकणारे अभंग वाचा. तिथे देवाने ऐकावं ही तळमळ आहे, सौदा नाही. 'करुणा भाकणे'तलं 'भाकणे' म्हणजे कळवळून मागणे. रामदासांच्या 'करुणाष्टकां'त हीच करुणा आहे.

प्रतिसाद

ख्रिस्ती मराठी घरांत 'प्रार्थना ऐक' अगदी रुळलेलं आहे, तेव्हा त्याला पुस्तकी म्हणू नका. बायबलमधली 'स्तोत्रसंहिता' ऐकत मोठं झालेल्या माणसाला ते आईच्या बोलण्याइतकं सहज आहे. आमच्या घरी झोपण्याआधी सगळे गुडघे टेकायचे आणि आजी शेजारच्या आजाऱ्यांची नावं एकेक करून घ्यायची. ती मात्र 'देवाच्या कानावर घातलंय' असं म्हणायची, आणि मग खरंच निर्धास्त झोपायची.

मूळ प्रश्नकर्ता

'कानावर घातलंय' आईही म्हणते, आता लक्षात आलं. लेखात 'पावणे' आणि 'कानावर घालणे' ठेवतो, 'प्रार्थना ऐकतो' फक्त जिथे ते त्या घरचं आहे तिथे. विदर्भात आणि खानदेशात याला काय म्हणतात तेही कुणी लिहिलं तर हवं आहे, विशेषतः बायकांच्या बोलण्यातलं.