मामंजींची कॅप्सूल, लिफ्ट आणि मोटर

प्राची (बी-३०२): लिफ्टमध्ये परत तेच पत्रक! एका अँटिऑक्सिडंट कॅप्सूलने साखर, बीपी, सांधे, चेहऱ्यावरचं तेज, सगळं. ते वाचून मामंजींनी डबा घेतला. त्यांची हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू, आणि यात व्हिटॅमिन ई चक्क ४०० आययू. कोणी दिला ते माहीत आहे, नाव घेत नाही.

नाईक काका (ए-१०१): लिफ्टमध्ये पत्रके लावू नयेत असा ठराव झालेला आहे.

सुमनवहिनी (बी-१०४): घे गो नाव. मी दिला. त्यांनी मागितला म्हणून दिला. मी स्वतः घेते, गुडघे हलके झालेत. पूर्ण नॅचरल 🙏

संदेश (ए-२०३): चतुर्थीच्या एवढ्या नेवऱ्या खाऊन गुडघे हलके? मलाही एक डबा 😂

प्राची: थट्टा नको. व्हिटॅमिन ई जास्त झालं की वॉरफरिनवाल्यांना रक्तस्राव होऊ शकतो. सकाळी दात घासताना बेसिन लाल. रक्त किती पातळ झालंय ते बघायच्या आयएनआर तपासणीसाठी रक्त देऊन आलोय फोंड्याला.

सुमनवहिनी: ब्रश कडक असला तरी होतं तसं.

अजय फार्मसी (ए-३०१): वहिनी, डब्यावर बघा, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. छापावंच लागतं ते. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं अँटिऑक्सिडंट, देऊन बघितलं होतं, १९९४ साली निकाल आला. फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा सोडून १८ टक्के जास्त निघाला. तुमच्या डब्यात तेही आहे.

संदेश: काका, ऐकलं मरे? गच्चीवरची विडी?

नाईक काका: विषय भरकटवू नये. लिफ्टमध्ये पत्रके लावू नयेत असा ठराव झालेला आहे.

बोरकर (बी-२०२): ठराव मोटर रात्री दहाला बंद करायचाही झाला होता. काल साडेअकरापर्यंत घरघर.

सचिव: मोटर मीटिंगमध्ये घेऊ.

बोरकर: मागच्या मीटिंगलाही घेतली होती.

सुमनवहिनी: माझ्यामुळे आजारी पडले म्हणायचं असेल तर पैसे परत घ्या. आरत्यांना मात्र सुमन लागते.

प्राची: पैशांचं नाही हो वहिनी. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.

अजय फार्मसी: आवळा, पेरू, कोकम खाऊ दे त्यांना. फक्त तांबडी भाजी रोजच्याइतकीच. त्यातलं व्हिटॅमिन ‘के’ रक्त गोठायला मदत करतं, त्यामुळे वॉरफरिनचं गणित बिघडतं.

प्राची: रिपोर्ट आला. आयएनआर ४.८, म्हणजे रक्त फार पातळ. डॉक्टरांना ३ च्या आसपास हवा. वॉरफरिन आज द्यायची नाही, परवा परत रक्त. कॅप्सूल बंद.

सुमनवहिनी: येते संध्याकाळी, सांगते त्यांना. माझी मी घेणार हं पण.

नाईक काका: पत्रक कोण काढणार?