मदत हवी आहे: संसर्ग दिलेल्या उंदरांचं तापमान खात्रीने कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत फार्मसीची पीएचडी करतेय. एथिक्स कमिटीच्या मंजुरीने पांढऱ्या स्विस उंदरांना जिवाणूंचा संसर्ग देऊन हळदीच्या अर्काचा परिणाम बघायचा, असं काम आहे. वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी, त्यामुळे विषय मनापासून निवडलाय. अडले आहे ती तापमानापाशी.

माणसाला संसर्ग झाला की ताप चढतो. उंदीर मात्र आजार जड झाला की उलट गार पडतो. निरोगी असताना साधारण ३६.५ ते ३८ अंश असतो, तो खाली घसरत जातो. आमच्या मंजूर आराखड्यात ३२ ही रेषा आहे. त्याखाली गेला की पुढे त्रास होऊ न देता त्याला वेदनारहित मरण द्यायचं. म्हणजे माझ्या एका आकड्यावर त्या जिवाचे पुढचे तास ठरतात.

गेल्या बुधवारी संध्याकाळी सहाला एका उंदराच्या पोटावर ताप मोजायची गन धरली. ३४.८ आलं. पाठीला कुबड, केस पिंजारलेले, इतरांपासून लांब कोपऱ्यात बसलेला. तरी आकड्यावर विश्वास ठेवून मी घरी आले. सकाळी तो मेलेला होता. रात्रभर त्याने जे सोसलं ते मी थांबवू शकले असते, हे मनातून जात नाही.

रेक्टल प्रोबनेही (गुदद्वारातून आतलं तापमान मोजायची बारीक सळई) मोजून पाहिलं. टोकाला ग्लिसरीन लावून दोन सेंटिमीटर आत. पण निरोगी पिंजऱ्यातसुद्धा पहिल्या उंदराचं ३६.९ आणि सहाव्याचं ३८.१! मग खरं कुठलं धरायचं? रोज दोनदा प्रोब घालणं त्यांना जाचक होतंय हेही दिसतं. कोणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी पुण्यात बारा वर्षं प्राणीगृह सांभाळलंय. आधी गनचं बघा. ती ‘बॉडी’ मोडवर असणार. त्या मोडवर गन कपाळाच्या त्वचेचं तापमान घेते आणि माणसाच्या हिशेबाने त्यात भर घालून आकडा दाखवते. उंदराला तो हिशेब लागूच होत नाही. ‘सरफेस’ मोड लावा. पोटावरची एकच जागा ठरवा, तिथले केस काढा, अंतर दरवेळी तेवढंच ठेवा. जंतूंचं काम करायच्या, हवा खेळत्या कॅबिनेटमध्ये मोजत असाल तर तिथल्या वाऱ्याने त्वचा गार होते, तेही ध्यानात घ्या. आणि गनचा आकडा त्वचेचा असतो, आतला नाही. ३२ ची रेषा रेक्टलसाठी असेल तर गनला तीच लावू नका. काही उंदरांवर दोन्ही एकाच वेळी मोजून फरक काढा आणि नवी रेषा कमिटीकडून मंजूर करून घ्या.

सहाव्याचं ३८.१ हे घाबरल्यामुळे. पिंजऱ्यातून एकेकाला उचललं की मागे राहिलेल्यांचं तापमान दहा-पंधरा मिनिटांत अंशभर वर जातं. उचलण्याचा क्रम रोज बदला. शेपटीला धरून उचलू नका, प्लास्टिकच्या नळीत येऊ द्या नाहीतर ओंजळीत घ्या. संसर्ग द्यायच्या चार-पाच दिवस आधीपासून हाताळलं तर बरीच सवय होते. त्याच दिवसांतले आकडे प्रत्येकाची स्वतःची पातळी म्हणून लिहून ठेवा, म्हणजे कोण किती घसरला ते कळेल. वेळ एकच पाळा, कारण उंदीर रात्री जागा असतो आणि तेव्हा त्याचं तापमान मुळातच चढं असतं. प्रोबवर दोन सेंटिमीटरला चिकटपट्टीची खूण करा, आधी निरोगी मग आजारी, मध्ये दरवेळी ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या.

निधी असेल तर कातडीखाली बसवायची तापमानाची चिप घ्या. रीडर जवळ नेला की आकडा मिळतो, रोज पकडायला नको. खर्चिक आहे, पण संसर्गाच्या कामात प्राण्याला आणि आपल्याला दोघांनाही सोपं जातं.

आणि ताई, कुबड, पिंजारलेले केस, घटलेलं वजन यांनाही आकड्याइतकीच किंमत द्या. तुम्हाला त्या संध्याकाळी दिसलं ते बरोबर दिसलं होतं.

मूळ धागाकर्ती

सर, मनापासून आभार. आत्ताच मोड बदलून एका आजारी उंदरावर मोजलं. ‘बॉडी’वर ३४.९, ‘सरफेस’वर त्याच जागी ३१.७. लगेच प्रोबने पाहिलं तर ३३.१. अजून रेषेच्या वर आहे, पण पाठ वाकलीय आणि सकाळपासून खाल्लेलं नाही. गाईडना फोन केलाय. सकाळची वाट न बघता रात्री दहाला विश्रामबागहून परत येऊन त्याला बघणार आहे. चिपसाठीचा अर्ज उद्या कमिटीकडे देते.