गल्लीत नवीन कॉफी शॉप उघडलंय, आईबाबांना पहिल्यांदाच न्यायचंय, काय मागवू?

कर्वेनगरची: आमच्या सोसायटीसमोर झेरॉक्सचं दुकान होतं ना, तिथे आता छोटंसं कॉफी शॉप आलंय, आत चारपाच टेबलं आणि बाहेर एक बाकडं. आईबाबा रोज संध्याकाळी फिरायला जाताना तिथूनच जातात, बाबा पाटीवरचा मेनू वाचतात आणि पुढे निघतात. काल आई स्वतःहून म्हणाली की एकदा जाऊया गं. मला फार बरं वाटलं आणि आता वाटतंय की त्यांची ही पहिली वेळ छान व्हावी. मेनूवर एस्प्रेसो, कॉर्टाडो, फ्लॅट व्हाइट, पोअर ओव्हर, एरोप्रेस असं काय काय आहे. आईला कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर, जायफळ आणि चांगली उकळलेली. बाबांना डायबेटिस आहे, बिनसाखरेची घेतात, फर्ग्युसन रोडला गेले की वैशाली नाहीतर रूपालीत फिल्टर कॉफी ठरलेली. दोघांना काय सांगू? आणि संध्याकाळी प्यायले तर बाबांची झोप जाईल का? तिथे सगळी लॅपटॉपवाली मुलं बसलेली असतात त्यामुळे आईला अवघडल्यासारखं होईल का, हाही विचार डोक्यात आहे.

मशीनमागचा: ताई मी कॅफेतच काम करतो, मशीनवर. पहिली गोष्ट, मेनूचं टेन्शन घेऊच नका, सरळ काउंटरला या आणि आत्ता इथे लिहिलंत तेच सांगा की आई घरी अशी पिते आणि बाबा अशी. आम्हाला तेच ऐकायचं असतं. एस्प्रेसो म्हणजे साधारण 18 ग्रॅम पूड, त्यातून दाबाने गरम पाणी सोडून 25-30 सेकंदात निघालेली 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी, बाकी दुधाचे सगळे प्रकार त्यावरच उभे आहेत, दूध किती आणि फेस किती एवढाच फरक. कॉर्टाडोत दूध सगळ्यात कमी, फ्लॅट व्हाइटमध्ये त्याहून जास्त पण फेस पातळ, कॅपुचिनोत फेस जाड, लाटेत दूधच दूध. आईंना लाटे द्या. बाबांना फिल्टर कॉफीचा कडकपणा आवडतो म्हणजे फ्लॅट व्हाइट किंवा कॉर्टाडो. पोअर ओव्हर बिनदुधाची असते, ती पहिल्याच दिवशी नको.

आता महत्त्वाचं. आम्ही दूध 60-65 डिग्रीपर्यंतच तापवतो, त्याच्या फार वर नेलं की दुधाचा गोडवा जातो आणि फेसही बिघडतो. घरची कॉफी उकळून थेट कपात येते त्यामुळे आईंना ही कोमट वाटणार, हे नक्की. ऑर्डर देतानाच सांगा, जरा जास्त गरम करून द्या, कोणीही देईल. पण साखर घालायच्या आधी एक घोट तसाच घ्यायला सांगा, नाहीतर कॉफीची चव कळतच नाही.

डोंगरउतार: वरच्या सगळ्याला सहमत, फक्त चवीबद्दल थोडं सांगते कारण खरा धक्का तिथे बसतो. फिल्टर कॉफीच्या पुडीत बऱ्याचदा चिकोरी, म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ, असते, दाट काळा रंग आणि तो एक कडवट गोडसरपणा बराचसा तिचा असतो. या नव्या दुकानांत चिकोरी नसते, बऱ्याच ठिकाणी नुसती अरेबिका जातीची कॉफी आणि तीही कमी भाजलेली, त्यामुळे चव हलकी आणि किंचित आंबट लागते. बाबांना वाटेल की कॉफी नासली की काय, तर तसं नाही, कॉफी हे मुळात फळ आहे, आपण वापरतो ती त्या फळातली बी, आणि भाजणी कमी ठेवली की तो फळाचा आंबटपणा टिकतो. मी चिकमगळूरला मळे बघितलेत, मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी आणि त्याच झाडांवर चढवलेले मिरीचे वेल. बाबा बुडन मक्केहून परत येताना येमेनमधून सात बिया घेऊन आले अशी कथा तिथे सगळे सांगतात, त्या डोंगराला नावच बाबाबुडनगिरी. तुमचे बाबा पाटी वाचणारे आहेत म्हणजे त्यांना हे आवडेल, काउंटरला विचारायला सांगा त्यांना की ही कॉफी कुठल्या मळ्यातली, चांगल्या दुकानात माहिती असते आणि सांगतात पण हौसेने. आंबट अजिबात नको असेल तर डार्क रोस्ट, म्हणजे जास्त भाजलेली, आहे का विचारा.

झोपेचं म्हणाल तर कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाला प्यायलेली अकरालाही अर्धी अंगात असतेच. सकाळी अकराला नाहीतर दुपारी चारला जा. आणि कोल्ड ब्रू नको, तासनतास भिजवलेली असते, थंड म्हणून पटकन पिऊन होते आणि रात्री डोळा लागत नाही.

जायफळवाले काका: माझं वय तुझ्या बाबांएवढं असेल म्हणून लिहितो. पहिल्या घोटाला साखर नको वगैरे आईला सांगू नकोस गं. तिने आयुष्यभर सगळ्यांना त्यांच्या आवडीची कॉफी करून दिली असेल, आज तिला कोणीतरी करून देतंय तर तिला हवी तशी पिऊ दे. जायफळही मागून बघ, कोको किंवा दालचिनी असतेच, एखाद्या ठिकाणी जायफळही निघतं, नसलं तर दालचिनी चालते. आम्ही नवराबायको आमच्याकडच्या अशाच दुकानात जायला लागलो ते याच वर्षी. शनिवार रविवार सोडून जा, गर्दी नसते, मुलंही दोन शब्द जास्त बोलतात. बसायची जागा आधी बघून ये, उंच स्टुलं असतील तर गुडघ्यांना त्रास होतो, पाठ टेकेल अशी खुर्ची धर. ऑर्डर तू देऊ नकोस, बाबांना देऊ दे, फक्त शेजारी उभी राहा. लॅपटॉपवाल्यांची अजिबात काळजी नको, ते मान वर करत नाहीत. उलट आमच्याकडे एका मुलीने हिला स्वतःहून जागा करून दिली आणि मग दोघी अर्धा तास गप्पा मारत होत्या, कशाबद्दल ते मला अजून सांगितलेलं नाही. पाणी मागताना साधं पाणी म्हणून सांग, नाहीतर बाटली आणतात. किमतीवर 5 टक्के जीएसटी वेगळा लागतो बहुतेक ठिकाणी, बाबा बिल तपासणारे असतील तर आधीच सांगून ठेव.

मशीनमागचा: काका, साखरेचं पटलं, मागे घेतो. ताई अजून एक, बाबांसाठी मोका, कॅरामल, व्हॅनिला, हेझलनट असलं काही नको, सगळ्यात सिरप किंवा चॉकलेट असतं आणि फ्रापे तर नकोच. साध्या दुधाच्या कॉफीत आम्ही साखर घालत नाही, पुड्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. ओट मिल्क डायबेटिसला चांगलं असं बरेच जण समजतात, पण ते करताना ओट्समधला स्टार्च मोडून माल्टोज होतं, म्हणजे साखरच, त्यापेक्षा नेहमीचं दूध बरं.

कर्वेनगरची: किती छान सांगितलंत सगळ्यांनी, खूप आभार. काकांचं वाचून आईला दाखवलं तर ती म्हणाली जायफळ मी पर्समधून नेते. गुरुवारी दुपारी जातोय. शेवटचं एकच, आवडली तर तिथून पूड घेता येईल का? घरी पितळी फिल्टर आहे आजीचा.

मशीनमागचा: येईल की. फिल्टरसाठी दळून द्या असं स्पष्ट सांगा, एस्प्रेसोची पूड फार बारीक असते, ती फिल्टरमध्ये तुंबते. पाकिटावर भाजल्याची तारीख बघा, महिन्याच्या आतली घ्या आणि छोटंच पाकीट घ्या, दळल्यावर वास पटकन उडतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि गॅसपासून लांब. चिकोरी नसल्यामुळे डिकॉक्शन पातळ दिसेल, एक चमचा पूड जास्त घाला आणि पाणी उकळतं ओतू नका, उकळी बसली की मग ओता.