डाव्या हेडलाइटचा लो बीम मंद, नेमका दोष कुठे शोधू?

मदत हवी आहे. गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, एच-फोर बल्ब (लो आणि हाय बीम एकाच बल्बमध्ये). आधीच्या मालकाने बाहेरून रिले किट (बॅटरीतून थेट दिव्याला वीज देणारा स्विच आणि वायरी) आणि 100/90 वॅटचे बल्ब बसवले होते. डावीकडचा कपलर (बल्बमागचा वायरींचा प्लग) तपकिरी पडून वितळला. आता दोन्हीकडे साधे 60/55 वॅटचे हॅलोजन आहेत, तरी डावा लो बीम पिवळट आणि मंद. हाय बीम ठीक.

बल्ब अदलाबदल करून पाहिले, दोष डावीकडेच राहतो. फ्यूज बदलला. सिरॅमिक कपलर नवा लावला. इंजिन चालू, दिवा पेटलेला असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट, उजव्या कपलरवर 13.5, डाव्यावर 11.3. अर्थिंगमध्ये (निगेटिव्हकडे परतणाऱ्या वायरीत) जेमतेम 0.1 व्होल्ट पडतो, म्हणजे घोळ पॉझिटिव्ह बाजूलाच. दोन्ही बाजूंना रिले एकच, फ्यूज मात्र वेगळे.

एलईडी सुचवू नका. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये प्रकाश विखुरतो, समोरच्याला त्रास होतो.

फ्यूजची खाच सैल झाली असेल की रिले किटचा जोड आतून काळा पडला असेल? सगळं वायरिंग न सोलता मल्टिमीटरने हे वेगळं कसं ओळखायचं?