गोल चेहरा, विरळ झालेले केस आणि बॉब : लांबी कोठे ठेवावी?

सायली_नाशिक

नमस्कार. माझे वय ४३ आहे आणि कॉलेजपासून माझी कमरेपर्यंत वेणी होती. मागच्या सप्टेंबरात डेंग्यू झाला आणि त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागले. मोठ्या तापानंतर असे होते व केस परत येतात, असे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले होते, आणि ते खरोखरच येत आहेत. परंतु सध्या कपाळाच्या कडेने बोटभर उभे राहिलेले नवे केस आणि पाठीवर उंदराच्या शेपटीएवढी वेणी, असे माझे ध्यान झाले आहे. म्हणून वेणी कापून बॉब, म्हणजे साधारण हनुवटी ते खांद्यांच्या दरम्यान संपणारा आखूड कट, करावा असे ठरवले आहे.

अडचण अशी की, माझ्या नेहमीच्या पार्लरमधील ताईंनी "तुमचा चेहरा गोल आहे, बॉबमध्ये आणखी गोल दिसेल" असे सांगून सरळ नकार दिला. बहिणीने पाठवलेल्या एका तक्त्यात गोल चेहऱ्यासाठी चार बॉब सुचवले आहेत, पण त्यांतील दोन एकमेकांच्या अगदी उलट आहेत. माझे केस थोडे लहरी आहेत, चश्मा आहे आणि मान आखूड आहे. चेहरा खरोखर गोल आहे की नाही हे कसे ठरवावे, आणि केसांची लांबी नेमकी कोठे ठेवावी? मी शिक्षिका असून शाळेत साडीच नेसावी लागते व सकाळी साडेसहाला घर सोडावे लागते, त्यामुळे केसांसाठी दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ मिळणार नाही, हेही लक्षात घ्यावे ही विनंती.

कात्री_कंगवा

सायलीताई, मी गेली १९ वर्षे पुण्यात केस कापण्याचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. चेहरा गोल आहे असे आरशात पाहून ठरवू नका, मोजून ठरवा. केस मागे घट्ट बांधा आणि शिंप्याच्या टेपने चार मापे घ्या: कपाळाची सर्वाधिक रुंदी, दोन्ही गालांच्या हाडांमधील रुंदी, जबड्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची रुंदी, आणि केस सुरू होतात तेथपासून हनुवटीच्या टोकापर्यंतची लांबी. लांबी आणि गालांची रुंदी जवळपास सारखी असून जबडा कोपऱ्यांवर वळत गेला असेल तर चेहरा गोल. कपाळ आणि जबडा सारखेच रुंद असून जबड्याला स्पष्ट कोपरा असेल तर चौकोनी. लांबी रुंदीच्या सुमारे दीडपट असेल तर लंबगोल, त्याहूनही जास्त असेल तर लांबट. आणि कपाळ रुंद व हनुवटी निमुळती असेल तर ज्याला बदामी किंवा हृदयाच्या आकाराचा म्हणतात तो. माझ्याकडे येणाऱ्या ज्या स्त्रिया स्वतःचा चेहरा गोल असल्याचे सांगतात, त्यांच्यातील पुष्कळ जणींचा चेहरा टेप लावल्यावर चौकोनी निघतो. गालावर मांस असते, एवढेच.

अर्थात आकाराचे नाव कळल्याने निम्मेच काम होते. बॉबचे खरे गणित केस कोठे संपतात यावर अवलंबून असते. केस सरळ कापले की त्यांच्या टोकांची एक आडवी रेषा तयार होते आणि पाहणाऱ्याची नजर त्या रेषेवर जाऊन थांबते. ती रेषा गालाच्या सर्वांत रुंद भागाशी आली तर गाल रुंद दिसतात, आणि जबड्याच्या कोपऱ्याशी आली तर जबडा ठळक होतो. म्हणून गोल व चौकोनी या दोन्ही चेहऱ्यांना रेषा हनुवटीच्या खाली हवी, साधारण तीन ते पाच सेंटिमीटर खाली. लांबट चेहऱ्याला मात्र हनुवटीवर थांबणारा, कपाळावर झालर, म्हणजे पुढे सोडलेले आखूड केस, असलेला बॉब उत्तम दिसतो, कारण तेथे रुंदीच हवी असते. तुमच्या तक्त्यातील दोन सल्ले परस्परविरोधी का वाटले याचे उत्तर बहुधा येथेच आहे. चित्रात आकार दिसतो, पण रेषेची उंची कोणी सांगत नाही.

तुमच्या बाबतीत पेच आहे तो मानेचा. चेहऱ्यासाठी केस लांब हवेत, आणि मान आखूड असल्यामुळे ते खांद्याला टेकायलाही नकोत. अशा वेळी मी मागची बाजू मानेवरच्या केसांच्या रेषेपर्यंत आखूड ठेवते आणि पुढे येताना लांबी हळूहळू वाढवत नेते. याला ए-लाइन म्हणतात. उतार सौम्य असावा. मागे-पुढे तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवला की कट टोकदार व नाटकी दिसू लागतो, आणि शाळेत मुले फळ्याकडे कमी व तुमच्याकडे जास्त पाहतील.

केस विरळ झाले आहेत, तेव्हा "स्टेप कट" किंवा भरपूर लेअर, म्हणजे कमी-जास्त लांबीचे थर, कृपा करून मागू नका. लेअर दिल्यावर केस फुगतात हे दाट केसांच्या बाबतीत खरे आहे. विरळ केसांत टोके पारदर्शक होतात आणि पाठीमागून ब्लाउजचा रंग दिसतो. टोके ब्लंट, म्हणजे एका पातळीत कापलेली असावीत आणि केस विरळ करणारी दातेरी कात्री बाजूलाच राहू द्यावी. आणखी एक महत्त्वाची गोष्ट अशी की, लहरी केस ओले असताना ताणले जातात व सुकल्यावर आखडतात. ओल्या केसांत हनुवटीखाली पाच सेंटिमीटर दिसणारी रेषा सुकल्यावर तीनवर येऊ शकते. म्हणून कापणाऱ्या ताईंना ओल्या केसांत लांबी थोडी राखून ठेवायला सांगा आणि अखेरची रेषा केस पूर्ण सुकल्यावर, चश्मा लावून, मान सरळ ठेवून ठरवायला सांगा. चश्म्याच्या काड्यांमुळे कानाजवळचे केस बाहेर ढकलले जातात, हे चश्मा काढून ठेवला की कोणाच्याच लक्षात येत नाही.

पार्लेकर_मीनल

वरील सल्ल्यातील सुकलेल्या केसांबद्दलचे वाक्य मला आठ वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर माझे पाच महिने वाचले असते. माझे केस दाट व कुरळे आहेत. एका पार्लरमध्ये मी फोटो दाखवला, त्यांनी केस ओले करून, कंगव्याने खाली ओढून, बरोबर हनुवटीच्या रेषेत कापले, आणि मागे स्टॅक्ड बॉब म्हणजे थरावर थर दिले. ओल्या केसांत ते इतके नेटके दिसत होते की मी आनंदाने फोटोही काढून घेतला. ड्रायर सुरू झाला आणि केस डोळ्यांदेखत वर चढू लागले. शेवटी रेषा कानाच्या पाळीशी येऊन थांबली आणि मागचे थर फुगून त्यांची छत्री झाली. घरी आल्यावर मुलाने "आई, मशरूम" एवढाच शब्द उच्चारला.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे ती चूक निस्तरायला किती काळ जातो याचा हिशेब तुम्हीच करा. आता मी केस सुके असतानाच, एकेक बट तिच्या नैसर्गिक वळणात पाहून कापून घेते, आणि रेषा खांद्याच्या किंचित वर ठेवते. मुंबईच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत कुरळे केस दुपारपर्यंत आपले रूप बदलतातच, त्यामुळे पावसाळ्यात पहिल्यांदा बॉब करायचा असेल तर लांबी आणखी बोटभर जास्त ठेवावी, असे माझे मत आहे. नाशिकला हवा मुंबईपेक्षा कोरडी असते, तेव्हा तुम्हाला हा त्रास बराच कमी होईल.

म्हापशाची_आजी

मी ६६ वर्षांची असून १९८४ पासून बॉबच ठेवते, आणि चेहऱ्याच्या आकारांच्या या तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. ते तक्ते सरळ केसांसाठी काढलेले असतात आणि त्यांतील चेहरे कधी हसत नाहीत, बोलत नाहीत. १९२० च्या दशकात अमेरिकन अभिनेत्री लुईझ ब्रूक्सच्या काळ्याभोर बॉबने जगाला वेड लावले तेव्हा स्त्रिया टेप घेऊन बसल्या असतील असे वाटत नाही.

१९६० च्या दशकात लंडनचे केशरचनाकार विडाल ससून यांनी जे केले ते मात्र माझ्या मते आजही उपयोगी आहे. त्याआधी रोलर लावून, ड्रायरच्या टोपाखाली बसून आणि स्प्रे मारून केसांना आकार दिला जाई. ससून यांनी कट असा भौमितिक काटेकोर केला की, धुऊन झटकलेले केस आपोआप आपल्या जागी पडत. म्हणून खुर्चीवरून उठण्यापूर्वी मी एकच परीक्षा घेते. मान खाली घालून केस पिंजारते, वर बघते आणि हात न लावता आरशात पाहते. केस जागेवर परतले तर कट चांगला; न परतल्यास परत बसते. लाज वाटते, पण पैसे आपलेच असतात.

कपाळावरच्या नव्या केसांविषयी एक आठवण सांगते. अभिनेत्री साधना यांचे कपाळ रुंद होते, ते झाकण्यासाठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी त्यांना झालर ठेवायला लावली. १९६० साली ती पडद्यावर दिसली आणि "साधना कट" घरोघरी पोचला. उणीव झाकायला केलेली गोष्ट फॅशन ठरली. तुमचे बोटभर केस मागे दाबून चाप लावण्याऐवजी पुढे सोडून पाहा.

सायली_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. टेप लावली. कपाळ १३, गाल १४, जबडा १३ आणि लांबी साडेसतरा सेंटिमीटर, म्हणजे चेहरा गोल नव्हे, चौकोनीच निघाला! पेन्सिल हनुवटीखाली आडवी व पट्टी कानाखाली उभी धरून सव्वादोन इंचांपेक्षा कमी अंतर आले तर आखूड केस शोभतात, असेही एका ठिकाणी वाचले. माझे अंतर जेमतेम दोन इंच भरले. हा नियम खरा मानावा का? आणि रोज सकाळी केस बसवण्याची पद्धत कृपया सांगावी.

कात्री_कंगवा

तो ठोकताळा ब्रिटिश केशरचनाकार जॉन फ्रीडा यांच्या नावाने सांगितला जातो. त्यात जबडा किती खाली उतरला आहे एवढेच मोजले जाते. केसांचा पोत, मान आणि चश्मा यांची दखल त्यात नाही. ज्यांचा निर्णय झालेला असतो पण धीर होत नाही, त्यांच्यासाठी मी तो आवर्जून वापरते.

चौकोनी चेहरा असल्यामुळे एक बदल सुचवते: भांग मधोमध न पाडता एका बाजूला, भुवईच्या कमानीच्या वर पाडा, आणि कपाळावर सरळ झालर ठेवू नका, कारण झालर, चश्म्याची वरची कड आणि जबडा अशा तीन आडव्या रेषा एकाखाली एक येतील. नवे केस तिरपे एका बाजूला वळवावेत. म्हापशाच्या आजींचा सल्ला त्या अर्थाने योग्य आहे. तुमच्या लहरी सपाट करू नका, जबड्याचा कोपरा त्यांनीच मऊ दिसतो.

सकाळच्या दहा मिनिटांसाठी केस आदल्या संध्याकाळी धुवावेत आणि पूर्ण सुकवूनच झोपावे. टॉवेलने चोळण्याऐवजी जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपावे. ड्रायर वापरताना आधी मुळे सुकवावीत, टोके शेवटी, आणि हवेचा झोत नेहमी मुळाकडून टोकाकडे असावा. केसावरील सूक्ष्म खवले त्याच दिशेला असतात, झोत उलटा गेला की ते उचलले जातात आणि केस पिंजारतात. सकाळी फक्त भांगाजवळची वरची बट किंचित ओली करून वेल्क्रो रोलरवर गुंडाळा, एक मिनिट ड्रायर फिरवा आणि रोलर तसाच ठेवून डबा भरा. केस गरम असताना वळतो आणि गार होताना ते वळण धरतो, म्हणून रोलर घाईने काढला तर सगळी मेहनत फुकट जाते. शेवटी सीरमचे दोन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांना लावा. मुळांना लावल्यास विरळ केस टाळूला चप्प बसतात.

सायली_नाशिक

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. दुसऱ्या एका ताईंकडे जाऊन बॉब केला. पुढची रेषा हनुवटीखाली ४ सेंटिमीटरवर आहे, मागे मानेपर्यंत आखूड आहे. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा मुली एकदम गप्प झाल्या आणि मग मागच्या बाकावरून "मॅडम, छान" असे आले. वजन हलके झाल्यासारखे वाटते, आणि केस पूर्वीपेक्षा दाट दिसतात हे आश्चर्य आहे.

एक तक्रार राहिली आहे. उजवी बाजू दिवसभर आत वळलेली राहते, पण डावी बाजू अकरा वाजेपर्यंत बाहेर उलटते. रविवारी घरी असे होत नाही. कापण्यात चूक झाली असेल का?

कात्री_कंगवा

रविवारी होत नसेल तर कापण्यात चूक नाही. तुमचा पदर डाव्या खांद्यावर असतो ना? निऱ्या घालून पिन लावलेला पदर खांद्यावर बोटभर जाड थर उभा करतो, टोके त्यावर टेकतात आणि मान वळवली की बाहेर उलटतात. पिन मानेपासून दोन बोटे बाहेर, खांद्याच्या टोकाकडे लावून आठवडाभर पाहा. तेवढ्याने भागले नाही तर सहा-आठ आठवड्यांनी ट्रिम कराल तेव्हा डावी बाजू अर्धा सेंटिमीटर आखूड करून घ्या, आणि त्या दिवशी साडी नेसूनच खुर्चीत बसा.