दुचाकीच्या लांब प्रवासासाठी वॉटरप्रूफ बूट : आपला अनुभव लिहा

दिवसभराच्या पावसात जॅकेट तग धरते, पण पाऊल एकदा भिजले की थंडी चढत जाते, ब्रेकच्या पेडलवरचा पायाचा अंदाज बोथट होतो आणि उरलेल्या रस्त्यावर मन लागत नाही. 'वॉटरप्रूफ' हा शब्द बहुतेक बुटांच्या खोक्यावर असतोच. म्हणून आपण बूट कसा पारखला, पाणी नेमके कुठून शिरले किंवा का शिरले नाही, आणि संध्याकाळी पाय कसे होते, हे येथे तपशिलाने लिहावे, ही विनंती.

माझ्यापासून सुरुवात करतो. बूट केवळ उभ्याने घालून पाहणे मला अपुरे वाटते. गाडीवर बसले की गुडघा वाकतो, पँट चार बोटे वर सरकते आणि टाकीवरून, मांडीवरून ओघळणारे पाणी नडगीवरून थेट बुटाच्या तोंडात उतरते; मग चामडे कितीही चांगले असो, आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. त्यामुळे नेहमीचे मोजे, बूट आणि त्यांवर पावसाळी पँट असा सगळा जामानिमा करून मी उभ्या गाडीवर बसतो, पँटची कड बुटाच्या काठाखाली पुरेशी उतरते का ते पाहतो आणि तेथेच पाऊल वर-खाली करून घोट्यापुढची चामड्याची घडी बोचते का, हेही तपासतो. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून ही परीक्षा संध्याकाळी घेतलेली बरी.

* * *

माझ्या पोटऱ्या रुंद आहेत, त्यामुळे उंच बुटांची झिप अर्ध्यावर अडते किंवा लागली तरी ताणलेली राहते. पोटरीमागे इलॅस्टिकची पट्टी असलेले बूट मला मानवले. झिपच्या मागे दोन्ही बाजूंना शिवलेला एक कापडी पडदा असतो. तो कुठवर जोडला आहे, हे मी आत बोट फिरवून पाहते. पाणी अडते ते तेवढ्याच उंचीपर्यंत. त्याच्या वरचा बूट नडगीचे रक्षण करतो, पाण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. लेसचे बूट मी टाळते, कारण सुटलेली लेस फूटपेगमध्ये, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीत, अडकली तर थांबताना पाय वेळेवर जमिनीला टेकत नाही.

* * *

बूट दुरुस्तीच्या कामामुळे मला हे बूट उसवून आतून पाहायला मिळतात. पाणी अडवण्याचे काम बहुधा चामडे करत नाही. ते चामडे आणि अस्तर यांच्यामधला पातळ पडदा करतो. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी पीटीएफई हे प्लास्टिक झटक्याने ताणून ज्या प्रकारचे सच्छिद्र पापुद्रे तयार केले, त्याच जातीचे पडदे आज अनेक बुटांत असतात. त्यांची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. मात्र बाहेरचे चामडे पाणी पिऊन चिंब झाले, की वाफेची ही वाट मंदावते, आत घाम साचतो आणि बूट गळतो आहे असे वाटू लागते. अनेक गिऱ्हाइकांची तक्रार याच ओलाव्याची असते. अशा वेळी चामड्याला पाणी झटकणारा लेप पुन्हा द्यावा लागतो. तो पडद्याच्या बुटांसाठीच बनवलेला असावा, कारण जड तेल आणि चरबी चामड्याची छिद्रे बुजवतात.

ओले बूट शेगडीजवळ किंवा सायलेन्सरला टेकवून वाळवू नयेत. चामडे तडकते आणि सोलचा गोंद सुटतो. आतला सुटा तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ते भिजले की बदलावेत. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो : पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्याने आतून झिजतो, त्यामुळे वर्षानुवर्षे न वापरता ठेवलेला कोरा बूटही पहिल्याच प्रवासात भुगा होऊन सुटू शकतो. स्वस्तात मिळालेला जुना साठा घेताना सोल अंगठ्याने दाबून, वाकवून पाहावा.

* * *

नव्या बुटाचा चवडा जाड असेल, तर तो गिअरच्या खटक्याखाली शिरत नाही. खटका थोडा वर बसवून घेतला, की घोट्याला कळ लागत नाही.

* * *

मी बुटाच्या आतली चिठ्ठी वाचूनच निवड करते. युरोपच्या ईएन १३६३४ या मानकाच्या चिन्हाखाली चार आकडे असतात आणि प्रत्येक १ किंवा २ असतो : बुटाची उंची, घासण्याला विरोध, कापले जाण्याला विरोध आणि आडव्या दाबाला विरोध. डब्ल्यूआर ही अक्षरे असतील, तरच त्या मानकानुसार पाण्याची चाचणी झालेली असते. माझ्या मते चौथा आकडा सर्वांत मोलाचा आहे, कारण गाडी पायावर पडली तर पाऊल चिरडू न देणारा ताठपणा तोच सांगतो. असा बूट चालायला थोडा जड जातो, पण मला तो सौदा मान्य आहे.

* * *

कडक उन्हाच्या प्रवासात पडद्याचे बूट मला सोसत नाहीत. मी जाळीचे बूट घालतो आणि पावसासाठी वरून चढवायची रबरी आवरणे बरोबर ठेवतो. घेताना त्यांचा तळ मात्र खोल खाचांचा पाहावा. गुळगुळीत तळ ओल्या फूटपेगवरून घसरतो, आणि सिग्नलला पाय टेकवताना तर अधिकच.