मुलांच्या पुस्तकाचं प्रकाशन आणि सभागृहात सगळे पन्नाशीपुढचे

शनिवारवाला
परवा एका मुलांच्या कादंबरीच्या प्रकाशनाला गेलो होतो. लेखक ओळखीचे नाहीत, पण पुस्तक वाचलं होतं आणि आवडलं होतं. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू. व्यासपीठावर सहा जण, त्यांतल्या निम्म्यांनी पुस्तक उघडलेलंही नसावं, कारण प्रत्येकाची गाडी 'आजची मुलं मोबाइलमध्ये...' या एकाच रुळावर. खाली खुर्च्या बऱ्यापैकी भरलेल्या, पण मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दोघींना गुच्छ द्यायला वर बोलावलं, फोटो काढला, खाली धाडलं. एका मुलाने हात वर करून विचारलं, "शेवटी ते कुत्रं घरी परत येतं का?" सूत्रसंचालिका गोड हसल्या आणि म्हणाल्या, "वेळेअभावी प्रश्न नंतर." मग आभारप्रदर्शन चाललं ते चाललंच.

बालसाहित्यिकांचं कौतुक व्हायलाच हवं. पण हे कौतुक मोठ्यांनी मोठ्यांचं केलेलं आहे. शाल, श्रीफळ, पगडी आणि सभागृहाचं भाडं यातलं काहीही पुस्तकाच्या कामी येत नाही. त्याच पैशांत शंभर प्रती घ्या आणि जवळच्या महापालिकेच्या शाळेत वाटा.

मागच्या रांगेतली
तुम्हा पेठेतल्या लोकांना शालीचं एवढं काय वावडं आहे कळत नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्याला आयुष्यभर एकच प्रश्न ऐकावा लागतो, "बरं, आता मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५पासून आहेत, बालसाहित्याचा वेगळा पुरस्कार यायला २०१० उजाडलं. रक्कम मुख्य पुरस्काराला एक लाख, बालसाहित्याला पन्नास हजार. म्हणजे निम्मी! २०२५चा मराठीतला पुरस्कार नांदेडच्या डॉ. सुरेश सावंतांच्या 'आभाळमाया'ला मिळाला. सोसायटीत विचारून बघा, किती जणांना माहीत आहे. वरून तुम्ही म्हणणार, सत्कारही नको. मग त्यांनी करायचं काय, घरी बसून पावत्या मोजायच्या?

कुंचला
मी चित्रं काढते, त्यामुळे माझा राग दोघांवर आहे. 😀 चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्र सांगतं, आणि व्यासपीठावर चित्रकार नसतो. निमंत्रणपत्रिकेत नाव नाही, बातमीत नाही, कधीकधी मुखपृष्ठावरही नाही. पैसे एकरकमी, तेही मागून मागून. दुसरी आवृत्ती निघाल्याचं आम्हाला पुस्तकाच्या दुकानात कळतं. जागतिक पातळीवरचा अँडरसन पुरस्कार लेखकांना १९५६पासून मिळतो आणि चित्रकारांना १९६६पासून. दहा वर्षांत त्यांच्या लक्षात आलं. आपल्याकडे माधुरी पुरंदरेंना अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला (२०१४), पण त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, म्हणून मानपान कोणाचा हा प्रश्नच उद्भवला नाही. बाकीच्यांचं काय?

चौकातला पुस्तकवाला
दुकानदार म्हणून सांगतो. पुरस्कार जाहीर झाला की दोन दिवस फोन येतात, तिसऱ्या दिवशी सामसूम. रोजचं गिऱ्हाईक लेखकाचं नाव विचारत नाही, "संस्कार करणारं काही आहे का?" असं विचारतं. एक आजोबा प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडतात, तात्पर्य छापलंय का बघायला. नसेल तर पुस्तक परत फळीवर.

भोरचे गुरुजी
शनिवारवाले, 'शंभर प्रती वाटा' हे पुण्यात बसून म्हणायला सोपं आहे. फुकट आलेली पुस्तकं आमच्याकडे कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. पुस्तक फाटलं-हरवलं तर साठा नोंदवहीत उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं, मग कोण उघडतंय! मी वाचन कोपऱ्यात दोरीवर पुस्तकं टांगली, त्याला चिमटे घरून आणले. फाटतात. फाटू देत.

पण सत्काराच्या बाजूने एक सांगतो. आमच्या शाळेत एक लेखक आले होते, फार नावाजलेले नाहीत. चौथीतली एक मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. नंतर म्हणाली, "सर, हे जिवंत आहेत?" तिचं काय चुकलं? पुस्तकात धड्याजवळ लेखकाचा परिचय असतो, बऱ्याचदा नावापुढे जन्म आणि मृत्यू अशी दोन्ही सालं. पुस्तकं लिहिणारे सगळे वारलेले असतात असाच तिचा समज. ल. म. कडूंच्या 'खारीच्या वाटा' या कादंबरीला २०१७चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तीत धरणाखाली जाणारं गाव आहे. आमच्या भागातल्या पोरांच्या आजी-आजोबांनी हे भोगलंय. असा माणूस वर्गात येऊन बसला तर काय होईल ते मी सांगायला नको. सत्कार करा, पण आमच्या पडवीत करा. नारळ आम्ही देतो, झाडाचा आहे.

खडूस वाचक
सगळे कौतुक कुठे करायचं यावर भांडताय. कशाचं करायचं, हे कोणीच बोलत नाही. नवीन बालपुस्तक आलं की खाली पन्नास 'हार्दिक अभिनंदन!' आणि फुलांची चित्रं. परीक्षण एकही नाही. गेल्या काही महिन्यांत हाती आलेल्या पुस्तकांत तेच शहाणे आजोबा, तोच सुट्टीतला गाव, तोच मोबाइल सोडून झाडावर चढलेला बंटी. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून आपल्याच पुण्यातून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट वाचायला मिळतात. चाळा जरा, म्हणजे कळेल मुलांना किती अवघड वाक्यं झेपतात. वाईट पुस्तकाला वाईट म्हटलं नाही तर चांगल्याच्या कौतुकाला किंमत काय राहणार?

मागच्या रांगेतली
म्हणा की वाईट! नावानिशी लिहा. पुणं केवढंसं आहे, पुढच्या कार्यक्रमात तेच लेखक चहाच्या टेबलाशी भेटतील. आणि मोठ्यांच्या भिकार कादंबऱ्यांचे सोहळे होतात तेव्हा तुमचा खडूसपणा कुठे असतो? झोडपायला मुलांची पुस्तकंच सापडतात का?

शनिवारवाला
गुरुजी, पडवीचं पटलं. प्रती वाटण्याबरोबर कुलपाचंही बघायला लागेल. पण मागच्या रांगेतल्या ताई, पावत्या मोजायला मिळाल्या तर लेखक आनंदाने मोजतील. शालीची पावती होत नाही. लेखकाचा मान वाचकाने ठेवायचा, आणि इथे वाचक दहा वर्षांचा आहे. त्याला प्रश्न विचारू न देता बाकी सगळ्यांना माइक देणं याला मी सत्कार म्हणणार नाही.

चौकातला पुस्तकवाला
डिसेंबर २०२३मध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पहिला पुस्तक महोत्सव झाला, तेव्हापासून बघतोय. स्टॉलच्या कोपऱ्यात पोरं मांडी घालून बसतात आणि अख्खं पुस्तक तिथेच संपवतात. आईबाप लाजतात, "उठ, काका ओरडतील." मी ओरडत नाही. चित्रकार ताई, ही पोरं चित्रावर बोट ठेवून बोलत असतात. लेखकाचं नाव तर तीही वाचत नाहीत. 😀

कुंचला
चला, म्हणजे निदान त्या बाबतीत तरी लेखक आणि आम्ही एका पंगतीत! गुरुजी, तुमच्या पडवीत चित्रकार चालेल का? रंग मी आणते, कागद पाठकोरे असले तरी चालतील.

भोरचे गुरुजी
चालेल काय, शनिवारी सकाळची शाळा असते, साडेदहाला सुटते. एसटीने आलात तर फाट्यावर घ्यायला येतो. फक्त निमंत्रणपत्रिका छापणार नाही.